वार्नेम्युंडेला जहाज लागलं की: बर्लिनच्या मागे न धावता रॉस्टॉकमध्ये घालवायचा एक दिवस

बाल्टिक समुद्रातल्या क्रूझच्या वेळापत्रकात एका दिवसापुढे 'बर्लिन (वार्नेम्युंडे)' असं लिहिलेलं असतं. बर्लिन समुद्रावर नाही. जहाज लागतं ते वार्नेम्युंडेला, म्हणजे रॉस्टॉक शहराच्या समुद्रकाठच्या टोकाला, आणि तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. निम्मे प्रवासी सकाळी उजाडताच बसमध्ये किंवा खास गाडीत बसतात आणि रात्री थकून परततात. ज्या शहराच्या धक्क्याला जहाज बारा-चौदा तास उभं असतं, ते शहर मात्र त्यांना खिडकीतूनही नीट दिसत नाही.

आधी वेळेचा हिशोब करा. जहाजाची बर्लिन सहल साधारण बारा तासांची असते. जाताना तीन तास, येताना तीन तास. उरलेल्या सहा तासांतून जेवण, स्वच्छतागृह, बसमधली चढउतार आणि मोजणी वजा केली, तर शहरासाठी चार-साडेचार तास उरतात. तेवढ्यात ब्रांडेनबुर्ग दरवाजा, भिंतीचा एखादा तुकडा आणि संसदेची इमारत बाहेरून एवढंच होतं. बर्लिनला पुन्हा कधी जाणं होणार नाही अशी खात्री असेल, तर जरूर जा, पण जहाजाच्याच सहलीने जा. त्या सहलीला परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः तिकीट काढून गेलात आणि वाटेत रेल्वेचं दुरुस्तीकाम निघालं, तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. जर्मनीत अशी कामं निघतच असतात. शिवाय रॉस्टॉक स्थानकातून बर्लिनची गाडी दोन ते पावणेतीन तास घेते, आणि धक्क्यापासून रॉस्टॉक स्थानकापर्यंतचा वेळ त्यात धरलेला नाही.

सोबत वयस्कर आई-बाबा किंवा लहान मुलं असतील, तर बर्लिनचा विचार सोडून द्या.

निघण्यापूर्वी, घरी असतानाच

भारतीय पासपोर्टवर जर्मनीत उतरायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतो. क्रूझवाल्यांसाठी वेगळी सवलत नाही. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, वार्नेम्युंडे अशा फेरीतले सगळे देश शेंगेनमधलेच असल्यामुळे एकच प्रवेश पुरतो. घोडं अडतं ते जहाज ब्रिटनमधून, उदाहरणार्थ साउथॅम्प्टनहून, सुटत असेल तेव्हा. मग ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. शिवाय आधी विमानाने पॅरिस-ॲम्स्टरडॅम करून ब्रिटनला जाणार असाल, तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येणं होतं, म्हणून शेंगेन व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचाच हवा. अर्ज भरताना क्रूझचं पूर्ण वेळापत्रक जोडा आणि प्रवेशांची संख्या स्वतः मोजून लिहा. एजंट सवयीने 'एक' लिहून टाकतो आणि चूक थेट बोर्डिंगच्या रांगेत कळते.

अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा. मुक्काम सगळीकडे सारखाच असेल, तर पहिला प्रवेश जिथे होतो त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी तो गेलेला असावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा लवकर संपतात, त्यामुळे जून-जुलैच्या क्रूझसाठी फेब्रुवारी-मार्चलाच हालचाल करा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो.

पैशांची एक अडचण नेहमी येते. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये क्रोनर चालतात, जर्मनीत युरो. कोपनहेगनहून थेट वार्नेम्युंडेला आलात, तर खिशात एकही युरो नसतो. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण मासळीच्या पावाची होडी, छोटी बेकरी, चर्चमधली देणगीपेटी आणि सार्वजनिक स्वच्छतागृह अशा ठिकाणी रोख लागते. काही दुकानांत कार्ड घेतात, पण फक्त जर्मन बँकांचं. दरडोई 30-40 युरो रोख, त्यातले निदान पाच युरो नाण्यांत, एवढी सोय ठेवा. स्वच्छतागृहासाठी 50 सेंट आणि एक युरोची नाणी हाताशी असू द्या.

घड्याळ आणि फोन

टॅलिन किंवा हेलसिंकीहून येत असाल, तर जर्मनीचं घड्याळ एक तास मागे असतं. जहाज रात्रीतून आपली वेळ बदलतं, पण कधीकधी बदलत नाहीही. फोन मात्र किनारा दिसताच आपोआप जर्मन वेळ दाखवू लागतो. जहाजाची वेळ आणि फोनची वेळ यांत तासाचा फरक पडला, की जहाज चुकण्याची वेळ येते. उतरण्यापूर्वी रात्री खोलीत येणाऱ्या दैनंदिन पत्रकावर 'सर्वांनी जहाजावर परतण्याची वेळ' बघा, ती जहाजाची वेळ आहे की स्थानिक हे स्वागतकक्षात विचारा आणि मनगटावर साधं घड्याळ असेल तर ते त्या वेळेला लावा. जहाज सुटण्याची वेळ आणि परतण्याची वेळ वेगळी असते. दोन्हींत साधारण अर्धा ते एक तासाचं अंतर असतं आणि आपल्या कामाची ती दुसरी.

फोन समुद्रात असेपर्यंत विमान मोडवरच ठेवा. जहाजावरचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावर चालतं आणि रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं. धक्क्याला लागल्यावर जमिनीवरचं नेटवर्क मिळाल्याची खात्री करून मगच मोड काढा.

धक्क्यावरून शहरात

वार्नेम्युंडेचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे इथे शटल बस लागत नाही. प्रवासी धक्का आणि रेल्वे स्थानक अगदी शेजारी आहेत. टर्मिनलमधून बाहेर पडून चालत गेलात तर पाच-दहा मिनिटांत फलाटावर. फाटकाबाहेर टॅक्सीवाले आणि 'शहराची सहल' विकणारे उभे असतात. त्यांची गरज नाही.

सोबत जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घ्या. पासपोर्ट जहाजाने स्वतःकडे ठेवला असेल, तर त्याची आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत घ्या. परत येताना फाटकावर हे बघतात.

स्थानकातून एस-बान म्हणजे उपनगरी गाडी पकडायची. इथून सुटणाऱ्या तिन्ही एस-बान गाड्या रॉस्टॉक हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्थानकाला जातात, त्यामुळे चुकीच्या गाडीत बसण्याची भीती नाही. प्रवास वीस-बावीस मिनिटांचा. दिवसा गाड्या भरपूर असतात. तिकीट यंत्रातून काढताना इंग्रजी भाषा निवडा, 'रॉस्टॉक' क्षेत्र निवडा आणि परतीचा प्रवास धरून दिवसाचं तिकीट घ्या. तेच तिकीट ट्रामलाही चालतं. तीन-चार जण असाल, तर गटाचं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं का ते यंत्रावर बघून घ्या.

आपल्याकडची सवय इथे नडते. स्थानकावर अडवणारं फाटक नाही, तिकीट बघणारा दारात उभा नाही, त्यामुळे तिकीट खिशात आलं की काम झालं असं वाटतं. हातात आलेल्या तिकिटावर आजची तारीख आणि वेळ छापलेली आहे का ते बघा. नसेल तर फलाटावरच्या किंवा ट्राममधल्या छोट्या पेटीत ते घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि दंड 60 युरो. साध्या कपड्यातला तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाही.

सकाळी जहाजातून एकदम हजार-दोन हजार माणसं उतरतात आणि स्थानकावरच्या मोजक्या यंत्रांपुढे रांग लागते. बर्लिनच्या सहली आधी निघून जाऊ द्या, निवांत न्याहारी करा आणि नऊच्या सुमारास बाहेर पडा. रॉस्टॉकमध्ये दहाच्या आधी फारसं काही उघडतही नाही.

रॉस्टॉक: बाराच्या ठोक्याभोवती आखलेला दिवस

रॉस्टॉकला शहराचा दर्जा 1218 मध्ये मिळाला. 1259 मध्ये ल्युबेक, विस्मार आणि रॉस्टॉक या तीन बंदरांनी समुद्री चाच्यांविरुद्ध एकजूट केली आणि त्यातूनच पुढे हान्सा हा उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ उभा राहिला. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर आजही 'एच-आर-ओ' असतं, म्हणजे हान्साचं शहर रॉस्टॉक. 1323 मध्ये शहराने वार्नेम्युंडे हे गावच विकत घेतलं, कारण नदीचं मुख दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर आतलं बंदर काय कामाचं? तुमचं जहाज आज ज्या धक्क्याला लागलंय, तो रॉस्टॉकचाच भाग असण्याचं मूळ या खरेदीत आहे.

मुख्य स्थानकाच्या खालच्या मजल्यावर ट्रामचा थांबा आहे. तिथून 5 किंवा 6 क्रमांकाची ट्राम घेऊन नॉयर मार्क्ट या मुख्य चौकात उतरा. पाय चांगले असतील, तर चालत जाणं जास्त बरं: पंधरा मिनिटांत श्टाइनटोर ही जुनी दक्षिण वेस लागते आणि वेशीतूनच शहरात शिरल्याचं समाधान मिळतं.

चौकात पूर्वेला गुलाबी रंगाचं नगरभवन आहे. त्याचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, पण वरून मागे डोकावणारे सात लहान मनोरे जुन्या विटांच्या इमारतीचे आहेत. सात हा रॉस्टॉकचा आकडा. सात वेशी, सात पूल, सात घंटा, चौकातून निघणारे सात रस्ते असं एक जुनं पद्य इथल्या बोलीत म्हणतात. मुलं सोबत असतील, तर मनोरे मोजायला लावा, मानेचा व्यायामही होतो.

दहाच्या सुमारास थेट पेट्रीकिर्शेकडे जा. चौकापासून पूर्वेला उतरत जाणारा दगडी फरसबंदीचा रस्ता आहे, दहा मिनिटांचा. या चर्चचा मनोरा 117 मीटर उंच आहे. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात त्याचं टोक जळालं आणि 1994 मध्ये ते पुन्हा उभारलं. 45 मीटरवर सज्जा आहे आणि तिथवर लिफ्ट जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही जायला हरकत नाही. सगळ्यात आधी इथे यायचं कारण असं, की वरून सगळं शहर नकाशासारखं उलगडतं: वार्नो नदी, गोद्या, आणि दूर क्षितिजावर तुमचं जहाजही. लाल विटांची एवढी प्रचंड चर्चेस इथे का, तेही कळतं. आसपास सपाट चिकणमातीचा प्रदेश आहे, बांधकामाचा दगड नाही. म्हणून माणसांनी मातीच भाजून आकाश गाठलं.

आता महत्त्वाचं. साडेअकरा-पावणेबाराला मारिएनकिर्शेत, म्हणजे चौकालगतच्या मोठ्या चर्चमध्ये, पोहोचायचं. आत गेल्यावर मुख्य वेदीपाशी थांबू नका. तिला वळसा घालून मागे जा. हान्स ड्युरिंगर याने 1472 मध्ये केलेलं खगोलीय घड्याळ तिथे आहे, आणि त्याची मूळ यंत्रं अजून चालू आहेत. उंची अकरा मीटरच्या आसपास. अनेक जण दारातून दिसणारा ऑर्गन या वाद्याचा भव्य देखावा बघून फोटो काढतात आणि निघून जातात. घड्याळ वेदीआड असल्याने ते त्यांना दिसतच नाही.

आपल्याला हे घड्याळ समजायला फार सोपं आहे, कारण ते भिंतीवर उभं केलेलं पंचांग आहे. वरच्या चकतीवर 24 तास, बारा राशी आणि चंद्राच्या कला. खालच्या चकतीवर तारीख, वार, सूर्योदय आणि ईस्टरची तारीख. खालची चकती 133 वर्षांची असते. आधीची 1885 ते 2017 होती, ती संपली आणि 1 जानेवारी 2018 पासून नवी लावली. ती 2150 पर्यंत चालेल. पंचांग दरवर्षी विकत घेणाऱ्या घरातल्या माणसाला या चकतीपुढे वेळ कसा गेला ते कळत नाही.

दुपारी बाराच्या ठोक्याला सर्वांत वरच्या भागातलं दार उघडतं आणि प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, सहा मूर्ती एकामागून एक येशूसमोरून जातात. शेवटी येतो येशूला दगा देणारा जुडास, आणि त्याच्या तोंडावर दार बंद होतं. हा प्रकार एका मिनिटात आटोपतो, म्हणून कॅमेरा आधीच वर रोखून ठेवा आणि घड्याळाच्या फार जवळ उभे राहू नका. मागे चार-पाच पावलं सरकलात तरच वरचं दिसतं. चर्चमध्ये 1290 चं ब्राँझचं बाप्तिस्मापात्रही आहे, ते परतताना बघा. देणगीपेटीत काही टाकायला विसरू नका, एवढी वास्तू त्यावरच सांभाळली जाते. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा पर्यटकांना आत फिरता येत नाही. त्या दिवशी पेट्रीकिर्शे लांबवा आणि इथे बाराच्या बेताने या.

यानंतरची दुपार सैल सोडा. क्रोपेलिनर श्ट्रासे ही पादचाऱ्यांची बाजारपेठ चौकापासून पश्चिमेला जाते. मध्यावर विद्यापीठाचा चौक आणि कारंजं. 1419 मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ बाल्टिक परिसरातलं सर्वांत जुनं. त्याच्या मागच्या बाजूला होली क्रॉसचा जुना मठ आहे, आत शहराचं संग्रहालय, प्रवेश विनामूल्य, सोमवारी बंद. भर उन्हात किंवा पावसात मठाच्या अंगणात बसायला फार बरं वाटतं. रस्त्याच्या टोकाला 54 मीटर उंचीची क्रोपेलिनर वेस. समांतर असलेल्या लांगे श्ट्रासेवर पाच मिनिटं नक्की जा: बॉम्बहल्ल्याने मोकळ्या झालेल्या जागेवर पूर्व जर्मनीने 1950 च्या दशकात हा रुंद रस्ता बांधला आणि त्याच्या इमारतींना मुद्दाम जुन्या विटांच्या वास्तूंचं रूप दिलं. वेशीजवळूनच ट्राम मुख्य स्थानकाकडे परत नेते.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. खरेदीचा बेत असेल आणि जहाज रविवारी लागणार असेल, तर तो बेत वार्नेम्युंडेसाठी राखून ठेवा. समुद्रकाठचं पर्यटनस्थळ म्हणून तिथली दुकानं हंगामात रविवारीही बऱ्याच अंशी उघडी असतात.

खाण्यापिण्याचं

मासे खाणाऱ्यांनी जेवण वार्नेम्युंडेलाच करावं. आल्टर श्ट्रोम या जुन्या कालव्यात मासेमारीच्या होड्या उभ्या असतात आणि त्यांवरूनच फिशब्रोटशेन, म्हणजे मासळी भरलेला पाव विकतात. बिस्मार्क हेरिंग आंबट व्हिनेगरमधली, माट्येस मिठात मुरवलेली मऊ हेरिंग. या दोन्ही शिजवलेल्या नसतात, हे माहीत असू द्या. आपल्या जिभेला पहिल्यांदा बाकफिश, म्हणजे पिठात घोळवून तळलेला मासा, सोपा जातो. खाताना पाठ भिंतीकडे ठेवा. इथले समुद्रपक्षी हातातला पाव झडप घालून नेतात. त्यांना मुद्दाम खायला घालायला मनाई आहे.

शाकाहाऱ्यांनी बेकरीत जावं: चीजचा पाव, प्रेट्झेल, फळांचे केक. बटाट्याचे तळलेले पॅनकेक मिळाले तर छानच, पण ते चरबीत तळलेले नाहीत ना हे विचारा. डाळी-भाजीच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालण्याची पद्धत आहे आणि ते सूप 'भाजीचं' म्हणूनच सांगितलं जातं. त्यामुळे 'शाकाहारी आहे का' एवढं न विचारता 'ओने फ्लाइश, ओने फिश' म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. अंडं नको असेल तर 'ओने आय'. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली जहाजावरून भरून घ्या. विकत घेतलेल्या प्लॅस्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते.

संध्याकाळ वार्नेम्युंडेत

तीन-साडेतीनपर्यंत एस-बानने परत या. स्थानकातून जहाजाकडे न वळता उलट बाजूचा छोटा पूल ओलांडा, की आल्टर श्ट्रोम. कालव्याच्या काठाने चालत गेलं, की दहा-बारा मिनिटांत दीपगृह. ते 1898 पासून चालू आहे, उंची 37 मीटरच्या आसपास, हंगामात वर जाता येतं, पण लिफ्ट नाही. शेजारी 1968 ची टेपॉट ही इमारत, तिचं वाऱ्याने फुगलेल्या कापडासारखं काँक्रीटचं छप्पर उलरिश म्युटर या अभियंत्याचं. कालव्याकाठच्याच एका घरात चित्रकार एडवर्ड मुंक 1907-08 मध्ये राहत होता.

पुढे रुंद पांढरी वाळू आणि तिच्यावर वेताच्या छपरी खुर्च्यांच्या रांगा. या खुर्चीला श्ट्रांडकोर्ब म्हणतात आणि तिचा जन्म इथलाच: विल्हेल्म बार्टेलमान या रॉस्टॉकच्या वेतकामगाराने 1882 मध्ये संधिवात असलेल्या एका बाईंसाठी ती विणली. आज तासांवर किंवा दिवसावर भाड्याने मिळते. मोकळी दिसली म्हणून बसू नका, पुढची लाकडी जाळी भाड्याच्या चावीनेच उघडते. जुलैतही वारा बोचरा असतो, त्यामुळे वारा अडवणारं पातळ जॅकेट सकाळीच पिशवीत टाका. जून-जुलैत साडेनऊपर्यंत उजेड राहतो, म्हणून 'अजून दिवस आहे' या भरवशावर राहू नका.

दुसऱ्यांदा येणाऱ्यांनी रॉस्टॉकहून रेल्वेने बाड डोबेरानला जावं. तिथली 'मोली' ही वाफेच्या इंजिनाची 900 मिलिमीटर रुळांची गाडी 1886 पासून धावते आणि गावातल्या दुकानांच्या रस्त्यामधून जाते. जाणं-येणं आणि तिथली विटांची मठवास्तू धरून सहा तास लागतात.

परतायच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्याच्या बाजूला असा. चुकून जहाज निघून गेलंच, तर कामाला येतो तो सकाळच्या पत्रकावर छापलेला बंदरातल्या एजंटचा फोन क्रमांक. त्या पत्रकाचा फोटो उतरण्यापूर्वीच फोनमध्ये काढून ठेवा. पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं आणि त्यासाठी पासपोर्ट लागतो, म्हणून तो कुठे आहे, तुमच्या खोलीतल्या तिजोरीत की जहाजाच्या कार्यालयात, हे एजंटला पहिल्याच वाक्यात सांगा.